थोरल्या जावयाचा इंटरव्ह्यू

इंटरव्ह्यू सुरू होऊन दोन मिनिटं झाली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी साडूच्या नावानं बसलोय.

म्हणजे तोंड माझंच होतं. चष्मा, कानाशी पांढरे झालेले केस, बायकोनं आदल्या दिवशीच इस्त्री करून ठेवलेला फिकट निळा शर्ट, सगळं माझं. पण पडद्यावरच्या माझ्या चौकोनाखाली नाव दिसत होतं साडूचं. कॉम्प्युटर त्याचा, खातं त्याचं, आणि आत शिरताना नाव बदलावं हे बावीस वर्षं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या माणसाला सुचलं नव्हतं. समोर दोघं होती. एक हैदराबादचा तरुण, दाढी नीट कोरलेली. दुसऱ्या एक बाई, माझ्याहून पाचसहा वर्षांनी लहान असाव्यात, मूळच्या नागपूरकडच्या. तो तरुण हातातल्या कागदाकडे बघे, मग माझ्याकडे बघे. शेवटी त्यानं इंग्रजीत सांगितलं की या नावाच्या गृहस्थांशी आम्ही मंगळवारीच बोललो आणि ते तुम्ही नव्हता.

मी म्हणालो, तो माझा साडू. हे मराठीतच म्हणालो. साडूला इंग्रजीत काय म्हणतात ते ऐन वेळी आठवेना, म्हणून माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा असं लांबण लावून सांगितलं. ते ऐकून बाई हसल्या आणि मराठीत म्हणाल्या, "अच्छा, तुम्हीच का ते." मग नाव कुठून बदलायचं ते त्यांनीच मला सांगितलं. मला. बावीस वर्षांच्या अनुभवाला.

नावाचं काही नाही, ते बदलून झालं. पण 'तुम्हीच का ते' या तीन शब्दांनी पुढचा सगळा तास पोखरला. मंगळवारी त्यानं माझ्याबद्दल यांना काय सांगितलं होतं?

माझी सासुरवाडी चिंचणीची. सासऱ्यांची होडी होती, सासूबाई अजून मासळी सुकवतात आणि विकतात. त्या घरात पंगत बसली की पहिलं पान थोरल्या जावयाचं. सरंग्याचा मधला तुकडा त्याला, आणि त्यानं पहिला घास घेतल्याशिवाय बाकी कोणी हात घालायचा नाही. मी सात वर्षं त्या घरातला एकुलता एक जावई होतो. म्हणजे थोरला, धाकटा, मधला, सगळं मीच. मला वाटायचं, हा मान माझ्या गुणांचा आहे.

मग धाकटीचं लग्न झालं आणि साडू आला. तलासरीच्या पुढे डोंगराकडच्या गावातला, घरी भात आणि नागलीची शेती. पहिल्या पंगतीत मधला तुकडा ठरल्याप्रमाणे माझ्याच पानात पडला. पण त्याला काटेरी मासा खायची सवय नाही म्हणून सासूबाई त्याच्या शेजारी बसल्या आणि स्वतःच्या हातानं काटे काढून देत राहिल्या. सात वर्षांत माझ्या पानातला एक काटा कोणी काढला नव्हता. मी तुकडा खाल्ला, पण चव लागली नाही. तिथपासून हे सुरू झालं असावं.

पुढे लॉकडाऊनमध्ये मी नरपडला घरून काम करत होतो आणि साडू तलासरीतल्या एका ऑफिसात कॉम्प्युटर ऑपरेटर होता. त्यानं फोनवर विचारलं की दादा, तुम्ही करता ते मला जमेल का. मला इतका आनंद झाला की मी दुसऱ्या दिवसापासून शिकवायलाच लागलो. तोवर मी त्याला रीतीप्रमाणे 'तुम्ही' म्हणायचो. दोन आठवड्यांत 'तू' झालं. तो चुकायचा आणि मी समजावून सांगायचो, ते दिवस माझे फार सुखाचे गेले. शिकवणाऱ्याला विद्यार्थ्यानं किती शिकावं याचा एक अंदाज असतो. तो त्याच्यापुढे गेला. वापीच्या एका कारखानदाराला त्यानं मालाचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर करून दिलं, त्या गुजराती शेठशी गुजरातीत आणि पुण्याच्या लोकांशी इंग्रजीत न लाजता बोलायला लागला, आणि ऑपरेटरची नोकरी सोडली. त्यानंतर काही महिन्यांनी माझ्या कंपनीनं माझी सोडवली. फेररचना असं त्याला म्हणतात. तेव्हापासून मी त्याला परत 'तुम्ही' म्हणायला लागलो. ठरवून नाही. तोंडच वळेना.

आठ महिने मी घरी होतो. बायको डहाणूच्या शाळेत शिकवते, त्यामुळे चूल बंद पडली नाही, पण रोज सकाळी ती स्कूटीवर निघाली की मी फाटकापर्यंत जाऊन हात हलवायचो आणि परत येऊन चिकूच्या झाडांना उगीचच पाणी घालायचो. पुण्याच्या एका फर्मनं कंत्राटी काम देऊ केलं होतं. तिकडे जाऊन राहायचं, ऑफिसात बसायचं, आणि खोली मिळेल ती मुलाच्या वयाच्या चारपाच जणांबरोबर. अठ्ठेचाळीसाव्या वर्षी मला ते नको होतं. मला नरपडला राहून काम हवं होतं, आणि असं काम देणारी एक जाहिरात मला पाठवली ती साडूनंच. खाली लिहिलं होतं, दादा, ही तुमच्यासाठीच आहे.

मी अर्ज केला. दोन दिवसांनी त्याचा फोन आला की मी पण टाकून बघू का. मी अगदी मोठ्या मनानं म्हणालो, टाका की, अनुभव मिळेल. जागा एकच होती. पहिली चाचणी घरी बसून सोडवायची होती, ती आम्ही दोघांनी सोडवली आणि दोघंही पुढे गेलो. त्याला बोलावलं मंगळवारी, मला गुरुवारी.

गुरुवारी सकाळीच आमच्याकडची वीज गेली. फीडरचं काम, संध्याकाळी येईल, असं कळलं. इन्व्हर्टर मी गेल्या वर्षीच घेणार होतो. मी मोबाइलवर इंटरव्ह्यू देईन म्हणालो, पण आमच्याकडे मोबाइलला नेट मिळतं ते गच्चीच्या एका कोपऱ्यात, टाकीला टेकून उभं राहिलं तर. तेवढ्यात मेहुणीचा फोन आला. भाऊजी, इकडे या, आमच्याकडे लाईट आहे, वायफाय आहे, खोली रिकामी आहे. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि बायकोनं फोन माझ्या हातातून घेऊन सांगितलं की निघालेच ते.

डहाणू रोडहून एसटी धरून मी तलासरीला पोचलो. साडूनं दार उघडलं आणि सरळ त्याच्या खोलीत नेलं. तिथे दोन स्क्रीन होते. भिंतीवर पांढरा फळा होता. खुर्चीला मान टेकायला वेगळी गादी होती, आणि तो मला तिची पाठ पुढेमागे कशी करायची ते दाखवत होता तेव्हा मला ती खुर्ची त्याच्यासकट खिडकीतून बाहेर टाकावीशी वाटली. मी घरून केलेलं सगळं काम जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर बसून केलं. पाठदुखी हा मी अनुभवाचा भाग समजत होतो. त्यानं दार लावून घेताना फक्त एवढंच म्हटलं की दादा, काही लागलं तर हाक मारा, मी बाहेरच आहे. मला वाटलं, ऐकायला बसणार.

तर असा मी त्याच्या खुर्चीवर, त्याच्या नावानं, त्या दोघांपुढे आलो.

सवाल साधा होता. एका लॉजवर पाहुणे कधी येणार आणि कधी जाणार याची यादी दिली आहे, कमीत कमी किती खोल्या लागतील ते काढणारा प्रोग्राम लिहा. माझी सवय अशी की आधी गप्प बसून कागदावर आकृती काढायची. मी वही मांडीवर घेतली आणि मान खाली घातली. मोठं झाड काढलं, त्याला फांद्या काढल्या, एकेका फांदीवर एकेक पाहुणा बसवला. पण डोक्यात पाहुण्यांऐवजी साडू होता. काय सांगितलं असेल? यांची नोकरी गेली हे सांगितलं असेल. यांचं आता वय झालं, असं सांगितलं असेल. बऱ्याच वेळानं तो तरुण अदबीनं म्हणाला की सर, आम्हाला बराच वेळ फक्त तुमचा भांग दिसतोय.

मी मान वर केली. स्क्रीनच्या खालच्या कडेला एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती, कडा मळून गेलेल्या. साडूच्या अक्षरात लिहिलं होतं, "दादा म्हणतात : अडकलास की मोठ्यानं बोल."

हे मी त्याला सांगितलं होतं. कधी ते आठवतही नव्हतं. मी लोकांना फार चांगले सल्ले देतो, मला ते कोणी लिहून देत नाही एवढंच.

मग मी मोठ्यानं बोलायला लागलो. इतकं मोकळं वाटलं की मी बोलतच सुटलो. झाड खोडलं. पाहुणा आला की एक खोली वाढवा, पाहुणा गेला की एक कमी करा, आणि सगळ्यात जास्त आकडा कुठे गेला तो धरून ठेवा, झालं काम. हैदराबादचा तरुण डोळे बारीक करून ऐकत होता. बाईंनी हळूच सांगितलं की सर, इंग्रजीत सांगाल का, यांना मराठी येत नाही. मी साडूला शिकवायचो तसा मराठीतच बोलत होतो. तेवढ्यात दार चार बोटं उघडलं आणि मेहुणीचा हात आत आला, बशीत चहाचा कप, शेजारी बिस्किटं. थोरला जावई घरात येऊन तासभर कोरडा बसलाय हे तिला सहन होईना. हात तसाच हवेत थांबून राहिला, आणि मी परीक्षकांची क्षमा मागून उठलो आणि तो चहा घेतला, कारण घेतल्याशिवाय हात मागे गेला नसता.

इंग्रजीत परत सगळं सांगून मी प्रोग्राम लिहिला. चालला. मी खुर्चीला मान टेकवली. तेव्हा त्या तरुणानं विचारलं की समजा एक पाहुणा अकराला गेला आणि दुसरा अकरालाच आला, तर तुम्ही खोल्या किती धरता. मी म्हणालो, दोन. तो म्हणाला, एकीत भागेल ना? इथे मी 'बरोबर, बदलतो' म्हणायला हवं होतं. पण डहाणू रोडचे लॉज मी पाहिलेले आहेत, आणि मी त्याला समजावायला लागलो की एक माणूस निघतो तेव्हा लगेच खोली देता येत नाही, झाडलोट आहे, चादर आहे, आणि जाणारा जिन्यात भेटलेल्याशी बोलत उभा राहतो. तो ऐकून घेत होता आणि काहीतरी लिहीत होता. पाच मिनिटांनी मला कळलं की मी एका गणिताशी भांडतोय. तोवर मी चादरींचं वेळापत्रकही मांडलं होतं.

शेवटी त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं की तुम्हाला आम्हाला काही विचारायचं आहे का. अशा वेळी कंपनीच्या कामाबद्दल काहीतरी हुशार विचारायचं असतं. तेही मीच साडूला शिकवलं होतं. मी म्हणालो, "माझ्या साडूनं माझ्याबद्दल काय सांगितलं?"

दोघं एकमेकांकडे बघायला लागली. मग बाई म्हणाल्या की खरं तर सांगू नये, पण यात लपवण्यासारखं काही नाही. "ते म्हणाले, मला ज्यांनी शिकवलं त्यांना तुम्ही गुरुवारी भेटणार आहात. त्यांना भेटल्याशिवाय माझ्याबद्दल काही ठरवू नका."

मी धन्यवाद म्हणून कॉल बंद केला. चौकोन काळा झाला आणि त्यात माझं तोंड दिसायला लागलं.

जेवल्याशिवाय मेहुणीनं सोडलं नाही. मग साडू मोटारसायकलवरून मला स्टँडवर सोडायला आला. मागे बसून मी सहज विचारल्यासारखं विचारलं की तुम्ही त्यांना असं का सांगितलं. तो गाडी चालवतच म्हणाला की आपल्यात आधी थोरल्याला वाढतात ना दादा. म्हणजे नोकरी हा सरंगा होता. मी त्याला म्हणालो की असं कुठे इंटरव्ह्यूमध्ये सांगतात का, ते आपल्याला खुळे समजतील. तो म्हणाला, समजले असतील. मग त्या अकरा वाजताच्या पाहुण्यांचं विचारलं. त्यालाही तोच सवाल होता. त्यानं लिहायच्या आधीच त्यांना विचारून घेतलं होतं की अकरा वाजता जाणारा आधी मोजायचा की येणारा. विचारून घ्यावं, हेही मीच शिकवलं होतं म्हणे.

माणूस आपल्यापेक्षा हुशार निघाला तर त्याचा हेवा करता येतो, त्यात एक प्रकारचा आराम असतो. त्याच्याकडे दोन स्क्रीन आहेत, तो तरुण आहे, त्याचं नशीब आहे, असं म्हणता येतं. पण जो आपल्यापेक्षा भलाही निघतो त्याचं काय करायचं? एसटीत खिडकीशी बसून मी डहाणूपर्यंत त्याच्यात खोट शोधत आलो. एकच सापडली, की तो गाडी फार हळू चालवतो.

शनिवारी सकाळी नऊला त्याचा फोन आला. आवाज दबलेला. "दादा, त्यांचा फोन आला होता. मला घेतायत." मग म्हणाला, "मी अजून हो म्हटलं नाही. दादांना विचारून कळवतो म्हटलंय. तुम्ही सांगाल तसं."

याच्यावर माणूस एकच गोष्ट म्हणतो. मी म्हणालो, विचार करून सांगतो.

फोन ठेवला आणि खरोखरच विचार करायला लागलो, जसा काही तो माझा अधिकारच होता. मुख्य म्हणजे तो होता. मी नुसतं 'जरा थांबा, घाई नको' म्हटलं असतं तरी त्यानं नाही कळवलं असतं, जागा कदाचित माझ्याकडे वळली असती, आणि पुढच्या पंगतीत माझ्या पहिल्या घासासाठी थांबून तो शांतपणे जेवला असता. त्या एका वाक्याची मला फार ओढ लागली. मी कॉम्प्युटर उघडून त्या कंपनीबद्दल वाईट काय लिहिलंय ते शोधत बसलो. कोणीतरी लिहिलं होतं की सुट्ट्या कमी मिळतात. मला बरं वाटलं. साडूच्या हिताचा विचार करता त्यानं जाऊच नये, असं माझं मत बनत चाललं. एकीकडे पुण्याच्या फर्मचा मेल उघडून ठेवला होता, आणि तो वाचला की मत अजून पक्कं व्हायचं.

दुपारी जेवायला बसलो. बायको काही विचारत नव्हती. तिनं वाढलं आणि समोर बसली, आणि मला चिंचणीची एक पंगत आठवली. पानं वाढून झाली होती आणि माझा ऑफिसचा फोन आला. मी उठून मागच्या दारी गेलो. कोणाची तरी चूक दुसऱ्या कोणाच्या तरी गळ्यात घालायची होती, त्याला अर्धा तास लागला. परत आलो तेव्हा साडू पानावर तसाच बसला होता. भातावर साय धरल्यासारखं झालं होतं. सासूबाईंनी दोनदा सांगूनही त्यानं हात लावला नव्हता. मी बसलो, घास घेतला, मग तो जेवला. मी त्याला साधं 'अरे, जेवायचंस ना' असंही म्हटलं नव्हतं. उलट मला ते आवडलं होतं.

आज तो तलासरीत तसाच बसला असणार, हे माझ्या डोळ्यांपुढे आलं. सकाळी नऊपासून.

एवढं कळूनही मी लगेच उठलो नाही, हे सांगायला हवं. भांडी आवरली. एक झोप काढून बघितली, लागली नाही. उन्हं कलल्यावर समुद्रावर गेलो आणि सुरूच्या झाडांखाली उभं राहून दोनदा नंबर लावला नि कापला. तिसऱ्यांदा त्यानं पहिल्याच रिंगला उचलला. मी म्हणालो, "घे तू. हो कळव त्यांना." तो म्हणाला की नक्की ना दादा. मी म्हणालो नक्की, आणि सुट्ट्यांचं तेवढं विचारून घे, कमी देतात म्हणे. तो हसला. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मी त्याला 'तू' म्हणालो होतो.

घरी येताना मला स्वतःचा अभिमान वाटू लागला होता. फाटकाशी येईपर्यंत तो बराच वाढला. एवढी मनाची तयारी कोणी करतं का हल्ली? बायको ओट्यापाशी मासे साफ करत होती. मी हात धुतले, घसा खाकरला, आणि तिला सगळं सांगितलं. सकाळचा फोन, दिवसभराचा विचार, त्याग हा शब्द मी वापरला नाही पण त्याच्या अवतीभवती बराच फिरलो. शेवटी सांगितलं की मी त्याला आत्ताच होकार दिला.

ती ऐकत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमचा होकार मी सकाळी साडेनऊलाच कळवलाय बहिणीला, तिचा फोन आला तेव्हा. मला ठाऊक होतं, तुमच्या मनात होकारच आहे म्हणून. तुम्हाला सापडायला संध्याकाळ होईल, तोवर त्यांना फोनजवळ बसायला सांगितलं होतं."